पहिलं माप जमिनीचं

नवनाथ मसणे यानं एकोणतीस वर्षं पाऊस मोजला. सकाळी साडेआठला. आठ एकतीसला नाही.

कडाव गावाच्या कडेला त्याचं घर. अंगणात खात्यानं पर्जन्यमापक बसवलेला. वर नरसाळं, आत बाटली, भोवती तारेचं कुंपण. बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं. माप काठोकाठ भरलं की वीस मिलिमीटर पाऊस. भरलेली मापं मोजायची, शेवटचं अर्धवट माप डोळ्यासमोर आडवं धरून वाचायचं, वहीत आकडा लिहायचा, सही करायची. काम सात मिनिटांचं. पण ती सात मिनिटं पोरीच्या लग्नाच्या दिवशीही द्यावी लागली. मांडवात लोक थांबले होते आणि नवरीचा बाप कुंपणात वाकून बाटली रिकामी करत होता.

दुसरं काम नदीचं. पेज नदीच्या पुलाशी काठावर एक पट्टी रोवलेली, सेंटिमीटरच्या खुणांची. पाणी कुठवर चढलं ते तिच्यावर वाचायचं. घरापासून पूल अकराशे चाळीस पावलं. कोरड्या दिवसांत तेरा मिनिटं, पावसात वीस, वारा समोरून असला तर पंचवीस. नदी लाल खुणेवर गेली की पट्टी दर तासाला वाचायची, नदी उतरेपर्यंत. मग पूल सोडता येत नसे.

अशा दिवशी एक अडचण होती. साडेआठला पाऊस घरी मोजायचा आणि साडेआठलाच नदी पुलावर वाचायची. माणूस एक. खात्यानं कधी विचारलं नाही, नवनाथनं कधी सांगितलं नाही. त्या दिवशी पाऊस त्याची बायको मोजत असे.

सुंदरा खालापूर तालुक्यातली, पाताळगंगेकाठची, माहेरच्या खळ्यावर भात मोजत मोठी झालेली. नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात नदी चढली, तेव्हा नवनाथ डोक्यावर प्लास्टिक घेता घेता तिला म्हणाला होता, “खळ्यावर भात मोजतेस ना? तसंच मोज. उरलेलं माप झाकून खिडकीत ठेव.”

अकरा शब्द. सुंदराचं सगळं प्रशिक्षण एवढंच.

तिनं तसंच केलं. दर भरलेल्या मापाला दारावर कोळशाची एक रेघ. उरलेलं पाणी मापातच, वर बशी, खिडकीत. नवनाथ दुपारी, कधी दुसऱ्या दिवशी चिंब होऊन येई, रेघा मोजी, विसानं गुणी, खिडकीतलं पाणी मिळवी आणि वहीत लिहून सही करी. सही त्याची. रेघा तिच्या. एकोणतीस वर्षांत तिनं एकदाही वेळ चुकवली नाही.

पुलावर नवनाथच्या जोडीला वाघ्या असे. वाघ्या ठाकर, डोंगराच्या उतारावरच्या उंबराच्या वाडीतला, पावसाळ्यापुरता मजूर. पाऊस दाट झाला की पुलावरून पट्टी दिसत नसे. मग कमरेला दोर बांधून काठ उतरायचा. दोर चाळीस फुटांचा, भिजला की उचलायलाच एक माणूस लागे. दोराचं दुसरं टोक वाघ्याच्या हातात. एका वर्षी काठच खचला आणि नवनाथ छातीपर्यंत आत गेला. वाघ्यानं दोराचा काठावरच्या जांभळीला विळखा दिला आणि ओढला. नवनाथ वर आला तेव्हा दोर लाल झाला होता. वाघ्याच्या तळहातांची सालं निघाली होती.

“आकडा वाचलास का?” वाघ्यानं विचारलं होतं.

“वाचला.”

“मग लिव. हात माजं गेलं, आकडा तरी राहू दे.”

तर अशी ती वही. तिच्यातल्या नदीच्या आकड्यांवर नवनाथनं कोणालाही बोट ठेवू दिलं नसतं.

तो निवृत्त झाला त्या वर्षी खात्यानं अंगणात आणि पुलावर यंत्रं बसवली. आकडे आपोआप जात. जुना पर्जन्यमापक मात्र कोणी नेला नाही. सुंदरानं तो सोडला नाही. “हात रिकामं राहत नायत,” ती म्हणे. आता पाऊस थोडा असो की फार, बाटली तीच उपसायची आणि दारावर रेघा ओढायची. त्या रेघा कोणी वहीत लिहीत नव्हतं.

त्याच सुमाराला खालापूरकडं एका पावसाळ्यात डोंगर उतरला आणि वाडी गाडली गेली. तेव्हापासून उताराखाली राहणाऱ्यांची झोप उडाली. उंबराच्या वाडीवरही एक भेग होती. पहिल्या वर्षी तिच्यात पाऊल मावे, पुढच्या वर्षी गुडघा. वाडी खाली आणायची ठरलं. सव्वीस घरं. जागा नदीकाठचं गुरचरण. पण नदीकाठ म्हटल्यावर पूररेषा बघायला हवी. पूर कुठवर येऊ शकतो ते आकड्यांवरून काढून नकाशावर निळी रेघ मारायची. रेघेच्या वर घर बांधता येतं, खाली नाही.

ते काढायला जून महिन्यात समिधा आली. तिशीतली पोरगी, पुण्याच्या एका संस्थेतली. घाटावरच्या मोठ्या खोऱ्याचं आणि घाटाखालच्या आपल्या खोऱ्याचं पाणी संगणकावर मांडायचं तिचं काम. हवा बदलतेय, पाऊस बदलतोय, तर पुढच्या वीस-तीस वर्षांत कुठं किती पाणी असेल, हे त्यातून बघायचं. तिच्या पिशवीत नवनाथच्या एकोणतीस वह्यांच्या नकला होत्या. 

“काका, साधी गोष्ट आहे,” ओट्यावर बसून ती म्हणाली. “पडलेलं पाणी कुठंतरी जातंच. काही नदीतून जातं, काही जमीन पिते, काही ऊन आणि झाडं घेतात. शिवाय घाटावरून वीजघरात उतरतं ते पाणी. ते मूळचं पूर्वेकडच्या नदीचं. तिकडं वजा, इकडं जमा. सगळं मांडलं की आलेलं आणि गेलेलं जुळायला हवं. तुमच्याकडे जुळत नाही.”

“आमच्या घरात तरी कुटं जुळतं?” सुंदरा चहा ठेवता ठेवता म्हणाली. “चार भाकरी केल्या, तीनच दिसतात.”

समिधा हसली. नवनाथ हसला नाही.

“किती फरक?” त्यानं विचारलं.

“सुरुवातीच्या वर्षांत शंभराला तीन. तेवढं चालतं. पण तो वाढत गेलाय. गेल्या दहा वर्षांत शंभराला दहा. पाऊस पडतो त्यापेक्षा नदी जास्त वाहते. मी डोंगरावरची झाडतोड धरली, शेतघरांची काँक्रीटची अंगणं धरली, वीजघराचं पाणी दोनदा तपासलं. त्यातून पाणी लवकर उतरतं हे कळतं. पण नसलेलं पाणी कुठून येईल? म्हणजे एक आकडा चुकलाय. पाऊस कमी लिहिलाय, नाहीतर नदी जास्त.”

नवनाथनं कप बशीत ठेवला.

“नदी बरोबर हाय,” तो म्हणाला.

“पट्टी खचली असेल, काका. काठ मऊ आहे. खचली तर पाणी उगाच जास्त दिसतं. आणि पाऊस तर तुम्ही स्वतः मोजलाय. दर दिवशी सही आहे.”

त्यानं बोलायला हवं होतं. पट्टीचा पाया दर मे महिन्यात तो स्वतः उकरून बघत असे, ओळंब्यानं. ती खचली नव्हती. पण पट्टी बरोबर म्हटलं की पाऊस चुकला म्हणावं लागणार. पाऊस कोणी मोजला, हा पुढचा प्रश्न. एकोणतीस वर्षांची खोटी सही. पेन्शन. खात्याचं पत्र. चौकशी. हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढून एका घोटात गेलं.

“असंल खचली,” तो म्हणाला.

समिधानं लिहून घेतलं. गेल्या दहा वर्षांचे पुराचे आकडे शेकडा दहानं खाली आणून ती निळी रेघ काढणार होती. ती गेल्यावर सुंदरानं कप उचलले आणि त्याच्याकडं बघत राहिली.

“पट्टी खचली? तुमी तर ओळंबा लावून रात रात—”

“गप बस गं.”

ती कप घेऊन आत गेली. एवढ्या वर्षांत तिला त्यानं असं कधी गप बसवलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी रेघ आली. गुरचरणाच्या खालच्या बांधाला चाटून जात होती. जागा रेघेच्या वर. लगेच चुन्यानं सव्वीस चौकोन आखले गेले. पावसाळा उतरला की पाया खणायचा. वाघ्या नवनाथला तिथं घेऊन गेला. चुन्याच्या एका चौकोनात उभा राहून त्यानं हात पसरले.

“हे माजं दार. पूर्वेला. मंगळी म्हंती चूल ह्या कोपऱ्यात.” मंगळी त्याची बायको. “दादा, तू नदीचा मानूस. खरं सांग, पानी येतं का हितं?”

नवनाथनं नदीकडं पाहिलं. पुलावरून पुरात हा भाग दिसत नसे, मध्ये करंजाचं रान होतं. पण पट्टीवर जे आकडे त्यानं वाचले होते ते इथं कुठवर येतील, हे त्याचे पाय जाणत होते.

“नकाशात तर नाय,” तो म्हणाला.

“नकाशा मरू दे. तू सांग.”

“नकाशात नाय म्हंजे नाय.”

वाघ्याचे तळहात पसरलेलेच होते. जुने वळ पांढरे दिसत होते. पुलापासून नवनाथला घरी यायला त्या दिवशी तेराऐवजी अठ्ठावीस मिनिटं लागली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. यंत्राचा आकडा त्याच्या छोट्या काचेवर दिसे. नवनाथ आता बेकार, म्हणून तो वाचे. एका सकाळी यंत्र म्हणालं दोनशे अकरा. दारावर सुंदराच्या रेघा नऊ, आणि खिडकीतल्या मापात चौदा. म्हणजे एकशे चौऱ्याण्णव.

यंत्र बसवणारा पोरगा म्हणाला होता की जोराच्या पावसात यंत्र थोडं कमीच दाखवतं. हे तर जास्त दाखवत होतं. दुसऱ्या दिवशी यंत्र एकशे पासष्ट, सुंदरा एकशे सत्तेचाळीस. पहिल्या दिवशी फरक सतराचा, दुसऱ्या दिवशी अठराचा. नवनाथ ओट्यावर बसून विचार करत राहिला. यंत्राची चूक पावसाबरोबर वाढते-घटते. ही जागची हलत नव्हती. जागची न हलणारी चूक माणसाची असते.

तिसऱ्या दिवशी साडेआठला तो दाराआड उभा राहिला. इतक्या वर्षांत मोठ्या पावसात तिला मोजताना त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं. तो नेहमी पुलावर.

सुंदरानं डोक्यावर पोतं घेतलं, कुंपणात गेली, बाटली उचलून ओट्यावर आणली. पहिलं माप काठोकाठ भरलं. ते तिनं दोन्ही हातांनी धरून अंगणाच्या कडेला ओतलं, ओली बोटं कपाळाला लावली. रेघ ओढली नाही. मग दुसरं माप भरलं, ओतलं आणि कोळसा उचलला.

“एक,” ती म्हणाली.

नवनाथ दाराआडून पुढं झाला. 

“सुंदरे. ते पहिलं काय केलंस?”

ती दचकली. “अवो, केवड्यानं! माप पडलं असतं हातातून.”

“पहिलं माप. ते मोजलं का नाय?”

“पहिलं जमिनीचं. ते कोन मोजतं?”

कडावला खळ्यावर पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. पण लाभ म्हणजे एकच, पुढचं माप दोन. सुंदराच्या माहेरी पहिलं माप जमिनीचं. ते खळ्याच्या कडेला ठेवायचं, मोजायचं नाही. जे आपलं नाही ते मोजणं अपशकुन. एक म्हणायचं ते त्यानंतर. नवरा-बायकोला हे एकमेकांचं कळायचं कारणच नव्हतं. त्यांना स्वतःचं खळं नव्हतं. तांदूळ दुकानातून किलोनं यायचा.

“दर वेळी? पहिल्या वर्सापासून?”

“तुमीच म्हनलात, खळ्यावर मोजतेस तसं मोज.”

तो खाली बसला. बाहेर पाऊस पत्र्यावर कोसळत होता. दर मोठ्या पावसाला एक माप कमी. वीस मिलिमीटर. यंत्रही थोडं कमी दाखवतं, म्हणून फरक सतरा-अठराचा दिसला. पूर्वी हंगामात असे दिवस पाच-सहा येत, म्हणून चूक लहान दिसली. आता पाऊस भुरभुरत नाही, एकदम कोसळतो आणि मग आठ दिवस ऊन. असे दिवस वाढले, पुलावरचे फेरे वाढले, सुंदराची मोजणी वाढली, आणि तिच्याबरोबर चूक वाढली. समिधाला जे जास्तीचं पाणी दिसत होतं ते सगळं आभाळातूनच आलं होतं. सुंदरानं ते जमिनीला दिलं होतं.

म्हणजे नदी बरोबर. म्हणजे निळी रेघ चूक. म्हणजे वाघ्याचं दार पाण्यात.

हे त्यानं तिला समजावून सांगितलं. ती ऐकत राहिली आणि तिचा चेहरा उतरत गेला.

“म्हंजे माज्यामुळं?”

“तुज्यामुळं नाय. माज्या तोंडामुळं. नीट सांगितलं नाय ते मी.”

तीन दिवस तो घराबाहेर पडला नाही.  पोस्टमन दिसला की तो मागच्या दारानं परसात जाई. पेन्शनीवर दोघांचं चालत होतं, सुंदराच्या गुडघ्याच्या गोळ्या चालत होत्या. मनात एकच घोळ. पावसाळा गेल्यावर पाया खणणार, तोवर काही होईल. बाई स्वतःच शोधील. यंत्राचे आकडे आहेतच. पण यंत्राचे आकडे दोन वर्षांचे आणि त्याच्या वह्या एकोणतीस वर्षांच्या, हेही त्याला ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी सुंदरानं चांगलं लुगडं नेसलं, बाटली आणि माप फडक्यात गुंडाळलं.

“कुटं?”

“त्या पोरीकडं. कर्जतला. तुमी येताव का मी एकली जाऊ?”

“सुंदरे, सही माजी हाय. फास माज्या गळ्याला बसंल.”

“एकोनतीस वर्सं मोजलं मी, सही तुमची. त्या पोरीनं सहीवर भरवसा ठेवला तवा मोजनं तुमचं व्हतं. आता चूक निगाली तर माजी व्हय? चूक पन सहीवाल्याचीच. उटा.”

“पेन्शन बंद झाली तर?”

“मंगळीची चूल पान्यात गेली तर?”

तो उठला.

टेंपोत दोघं समोरासमोर बसली. पूल आला तेव्हा नदी लाल खुणेच्या वर दोन बोटं होती. नवनाथनं सवयीनं आकडा मनात वाचला. 

समिधा कर्जतला विश्रामगृहात उतरली होती. नवनाथ दाराशीच थांबला.  सुंदरानं पाण्याची बादली मागितली, बाटली भरली आणि काही न सांगता मोजू लागली. पहिलं माप तिनं खिडकीतून बाहेर ओतलं. मग एक, दोन, तीन. समिधाही मोजत होती. शेवटी ती म्हणाली, “काकू, तुमचे तीन झाले. माझे चार.”

“त्येच सांगाया आलोय,” नवनाथ म्हणाला. आणि मग सगळं सांगितलं. पट्टी खचली नव्हती, हेही.

समिधानं वह्यांच्या नकला पुढं ओढल्या. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

“काकूंनी कोणत्या दिवशी मोजलं, ते कसं कळणार?” तिनं विचारलं. “अंदाजानं मला काही धरता येणार नाही.”

नवनाथनं तिच्या नकलांमधली नदीची वही उघडली. “ज्या दिवशी साडेआठचा आकडा माज्या हातचा नदीच्या तासाच्या पानावर हाय, त्या दिवशी मी पुलावर व्हतो. म्हंजे घरी नव्हतो. म्हंजे पाऊस हिनं मोजला. त्या दर दिवसाला वीस घाला.”

वाघ्यानं सोललेल्या हातांनी वाचवलेलं पानसुद्धा त्यांत होतं. नवनाथच्या खोट्या सहीचा पुरावा त्याच्याच खऱ्या मेहनतीनं लिहून ठेवला होता.

पहिल्या दहा वर्षांत असे दिवस अठ्ठावन्न निघाले. शेवटच्या दहा वर्षांत एकशे एकाहत्तर. समिधानं ते आकडे भरले. संगणक चालत राहिला, बाहेर पाऊस चालत राहिला. मग ती खुर्चीत मागं टेकली.

“जुळलं,” ती म्हणाली. पण आवाजात आनंद नव्हता. “काका, मी समजत होते की नदीचे आकडे फुगलेत. आकडे नाही फुगलेले. पाऊसच तेवढा कोसळतोय. आणि पुढच्या वर्षांसाठी मी जे मांडलं होतं, ते सगळं कमी धरलंय.”

तिनं रेघ पुन्हा काढली. निळी रेघ गुरचरणाच्या खालच्या बांधावरून उठली, चुन्याच्या चौकोनांवरून वर सरकली, रस्ता ओलांडून गेली. नवनाथ बोटानं तिचा माग घेत होता. करंजाचं रान. शाळेचा चढ, तो कोरडा राहिला. मग कडावच्या कडेची घरं. रेघ एका घराच्या मागून गेली. त्या घराच्या अंगणात एक ठिपका होता, आणि ठिपक्यापाशी लिहिलं होतं: पर्जन्यमापक.

 सुंदराला नकाशा कळत नव्हता. “काय म्हंतो?” तिनं विचारलं.

“आपन पन पान्यात हाव,” नवनाथ म्हणाला.

त्यानं झाल्या प्रकाराचा कागद लिहून दिला. खाली सही केली. मग पेन सुंदराच्या हातात दिलं. चौथीपर्यंत शिकलेली बाई, तिनं पाच मिनिटं घेऊन स्वतःचं नाव काढलं. त्या आकड्यांखाली तिचं नाव पहिल्यांदा आलं.

गुरचरणावरचं काम थांबलं. आठवड्यानं खात्याचं पत्र आलं. खुलासा करा, पंधरा दिवसांत. नवनाथनं ते देवामागं ठेवलं. पण त्याहून जड काम वाघ्याला सांगायचं होतं. तो डोंगर चढून वाडीवर गेला. भेगेत आता मांडी जात होती.

वाघ्यानं सगळं ऐकलं. “मी तुला इचारलं व्हतं,” तो म्हणाला. “चुन्यात उभा राहून इचारलं व्हतं.”

“व्हय.”

“तवा तुला ठावं व्हतं?”

“पट्टी बरोबर हाय, येवढं ठावं व्हतं. भ्यालो.”

“वर डोंगर, खाली पानी. आता आमी जायचं कुटं? झाडावर?”

 मंगळीनं पाणीसुद्धा विचारलं नाही. तो उतरताना वाघ्या मागून ओरडला, “दोर सोडला असता तर बरं झालं असतं रं त्या वर्साला!” थट्टेनं की मनापासून, ते नवनाथला कळलं नाही. त्यानं मागं वळून बघायचं धाडस केलं नाही.

पण दोन दिवसांनी वाडी उतरून शाळेत आली. समिधानं नवा आकडा तालुक्याला कळवला होता, तिथून आदेश आला होता. पाऊस मोठा असेल त्या दिवशी सव्वीस घरांनी शाळेच्या दोन खोल्यांत राहायचं. घर नव्हे, नुसता आसरा.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी नवनाथ पुलावर गेला. कोणी सांगितलं नव्हतं. अकराशे चाळीस पावलांना चाळीस मिनिटं लागली. पट्टी दिसत नव्हती. पुलाच्या तोंडाशी वाघ्या उभा होता, खांद्यावर जुना दोर.

“उतरायचं नाय आज,” वाघ्या म्हणाला. “आज तू गेलास तर मी पन जाईन. हातात ताकद नाय.”

रात्रीत करंजाचं रान आडवं झालं होतं. आता पुलावरून गुरचरण दिसत होतं. दिसत होतं म्हणजे दिसतच नव्हतं. सगळीकडं तांबडं पाणी. चुन्याचा एक चौकोन उरला नव्हता.

“माजं दार कुटं व्हतं रं?” वाघ्यानं विचारलं.

नवनाथनं बोट दाखवलं. तिथं पाणी गरगरत होतं. एक अख्खा ओंडका आला, एक फेरी फिरला आणि खाली गेला. दोघं तो वर येण्याची वाट बघत राहिले. तो आला नाही.

“मंगळी कुटं हाय?” नवनाथनं विचारलं.

“शाळंत. पोरं पन.” वाघ्यानं दोर खांद्यावरून काढला आणि एक टोक नवनाथच्या कमरेला बांधलं. “चल. वैनी एकलीच हाय तुजी.”

रस्त्यावर घोट्यापर्यंत पाणी होतं, वळणावर गुडघ्यापर्यंत. वाघ्या पुढं, नवनाथ मागं, मध्ये ताठ दोर. घर दिसलं तेव्हा नवनाथनं आधी कुंपणाकडं पाहिलं. पाणी तारेशी आलं होतं, पर्जन्यमापकाच्या पायाशी.

सुंदरा ओट्यावर होती. भांडी, गोधड्या, खात्याचं पत्र, सगळं तिनं माळ्यावर टाकलं होतं. साडेआठ झाले होते. ती मोजत होती.

“सुंदरे, चल! शाळंत चल!”

“थांबा वाईच. मधी सोडलं तर चुकंल.”

दारावर रेघा होत्या. पहिली रेघ बाकीच्यांपासून बोटभर दूर, जरा ठळक. पहिलं माप ती अजूनही जमिनीलाच देत होती, पण आता त्याची रेघ ओढत होती. नवनाथनं मोजल्या. तेरा. तिनं चौदावं माप भरलं, ओट्यावरून खाली ओतलं. खाली जमीन नव्हती, पाणीच होतं. पाण्यात पाणी पडलं.

वाघ्यानं दोराचं टोक ओट्याच्या खांबाला बांधलं. नवनाथनं कोळसा उचलला आणि तिच्या वतीनं रेघ ओढली. दारावर जागा कमी उरली होती. त्यानं बाटलीकडं पाहिलं. ती अजून अर्धी भरलेली होती.